आत्याबाईला मिशा असत्या तर...

अशी कल्पना करा, की तुमची एक मामेबहीण अमेरिकेत लहानाची मोठी झाली आहे. मराठी तिला समजतं, पण वाचता येत नाही. त्यामुळे तुमचं एकमेकांना लिहिणं इंग्रजीतच चालतं. डिसेंबरात ती मामा-मामींबरोबर नाशिकला आजीकडे येणार आहे. तिनं विचारलं, "तूही येशील ना?"

तुमच्या मनात उत्तर तयार आहे : "परीक्षा लवकर संपली तर मी नक्की येईन."

आता याचं इंग्रजी करायचं. 'तर' आहे म्हणजे 'इफ' हवं. 'संपली' हा दिसतोय भूतकाळ, म्हणून 'फिनिश्ड'. आणि 'इफ'च्या वाक्यात 'वुड' घालतात, असं कुठंतरी ऐकलेलं आहेच. झालं वाक्य तयार! 'इफ माय एक्झॅम फिनिश्ड अर्ली, आय वुड कम.'

स्पेलिंग बरोबर, अक्षर मोत्यासारखं. पण बहिणीनं वाचलं आणि ती हिरमुसली. तिनं मामाला सांगितलं, "आत्याकडचं कुणी येत नाहीये." कारण तिला कळलेला अर्थ असा : 'परीक्षा काही लवकर संपत नाही. संपत असती तर आलो असतो.' तुम्ही लिहिलं 'बहुतेक येतो' आणि तिकडे पोचलं 'येत नाही'!

म्हणजे जर-तरच्या वाक्यातली चूक ही नुसती एका मार्काची चूक नसते बरं का. तुमचा होकार तिथं नकार होऊन जातो. म्हणूनच आज आपण ही इंग्रजी 'इफ'ची वाक्यं जरा नीट उलगडून पाहू. इथं दिलेली इंग्रजी वाक्यं आधी मोठ्यानं वाचा आणि मग वहीत इंग्रजी लिपीत उतरवून काढा. हात आणि कान दोन्ही तयार होतील.

तुम्हाला हे येतंच आहे!

घाबरू नका. जर-तर तुम्हाला नवीन नाही. ही तीन वाक्यं वाचा :

पाऊस आला की मैदानात चिखल होतो.
पाऊस आला तर मॅच रद्द होईल.
पाऊस आला असता तर मॅच रद्द झाली असती.

तिन्हींतला फरक तुमच्या धाकट्या भावालाही कळतो. पहिल्यात नेहमीची गोष्ट आहे. दुसऱ्यात पाऊस येईलही, न येईलही. तिसऱ्यात पाऊस आलाच नाही, मॅच झाली.

आता दुसऱ्या वाक्यातला 'आला' हा शब्द पुन्हा बघा. रूप भूतकाळाचं आहे, पण पाऊस अजून आलेला नाही! तो आला तर उद्या येणार. म्हणजे 'तर' जवळ आला, की क्रियापदाचं भूतकाळी रूप घड्याळाची वेळ सांगायचं सोडून देतं आणि वेगळंच काम करतं. मराठी व्याकरणात अशा वाक्यांना 'संकेतार्थी' म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला असालच.

इंग्रजीतही नेमकं हेच घडतं. तिथलं भूतकाळी रूपही 'इफ'जवळ आलं की वेळ सांगत नाही. गंमत एवढीच, की ते जे सांगतं ते मराठीपेक्षा निराळं असतं. मराठीत 'आला तर' म्हणजे 'शक्य आहे'. इंग्रजीत 'इफ'पुढे साधा भूतकाळ आला, की अर्थ होतो 'खरं नाही, नुसती कल्पना' किंवा 'शक्यता फारच कमी'. बहिणीचा घोटाळा झाला तो इथंच.

म्हणून शब्दाला शब्द ठेवू नका. आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. पहिला : ही गोष्ट घडू शकते का? दुसरा : घडू शकत नसेल, तर मी आजचं बोलतोय की होऊन गेलेलं? एवढी दोन उत्तरं मिळाली, की पुढचे चार प्रकार आपोआप सुटतात.

पहिला प्रकार : नेहमी तसंच होतं

निसर्गाचे नियम, रोजच्या सवयी. इथं शंका नाहीच. दोन्ही बाजूंना साधा वर्तमानकाळ.

'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' बर्फ तापवला की वितळतो. 

आणखी एक : 'इफ यू गो हायर, वॉटर बॉइल्स अ‍ॅट अ लोअर टेंपरेचर.' जितकं उंच जावं तितकी हवा विरळ, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटर उंचीवर, पाणी १०० अंश सेल्सिअसला पोचायच्या आधीच उकळू लागतं. हे आज खरं, उद्या खरं, म्हणून साधा वर्तमानकाळ. मराठीत जिथं आपण 'की' वापरतो ('तापवला की वितळतो'), तिथं बहुतेक वेळा हा पहिला प्रकार असतो.

दुसरा प्रकार : घडू शकेल

'इफ'च्या बाजूला साधा वर्तमानकाळ, दुसऱ्या बाजूला 'विल'.

'इफ इट रेन्स, दे विल कॅन्सल द मॅच.' पाऊस आला तर मॅच रद्द करतील.

म्हणजे बहिणीला लिहायचं वाक्य होतं : 'इफ माय एक्झॅम फिनिशेस अर्ली, आय विल कम.' मराठीत 'संपली', पण इंग्रजीत 'फिनिशेस'. हे वाचून तिनं आजीच्या शेजारचं अंथरूण तुमच्यासाठी राखून ठेवलं असतं!

'विल'च्या जागी 'कॅन', 'मे', 'शुड'ही चालतात. आज्ञाही चालते : 'इफ यू फील टायर्ड, टेक सम रेस्ट.'

या प्रकाराचं एक जगप्रसिद्ध उदाहरण एका मुंबईकरानं लिहून ठेवलं आहे. रडयार्ड किपलिंग हा इंग्रज लेखक मुंबईत १८६५ साली जन्मला. त्याचे वडील तिथल्या जे. जे. कला शाळेत शिक्षक होते. त्याच्या एका कवितेचं नावच आहे 'इफ'. ती १९१० साली पुस्तकात छापली गेली. बत्तीस ओळींची ही कविता म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे! अटीमागून अट येत राहते आणि निकाल थेट शेवटी मिळतो. त्यातल्या अटी 'कॅन'सारख्या वर्तमानकाळी रूपांत आहेत, म्हणजे कवी मुलाला सांगतोय, 'हे अवघड आहे, पण तुला जमू शकेल.' तिथं 'कॅन'ऐवजी 'कुड' आलं असतं, तर तोच उपदेश 'तुला काही हे जमायचं नाही' असा वाजला असता. एका क्रियापदानं धीरही देता येतो आणि धीर काढूनही घेता येतो, तो असा.

तिसरा प्रकार : नुसती कल्पना

आता आली आत्याबाई! 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं' ही म्हण तुम्ही आजीच्या तोंडून ऐकली असेल. कुणी उगाच अशक्य गोष्टींच्या गप्पा मारायला लागलं, की ती ऐकवतात. इंग्रजीत : 'इफ माय आँट हॅड अ मुस्टाश, आय वुड कॉल हर अंकल.'

'इफ'च्या बाजूला साधा भूतकाळ, दुसऱ्या बाजूला 'वुड' आणि क्रियापदाचं मूळ रूप. इथला 'हॅड' कालचा नाही. आत्याला कालही मिशा नव्हत्या आणि आजही नाहीत. तो 'हॅड' एवढंच सांगतो, की ही गोष्ट खरी नाही.

दुसरं उदाहरण दप्तराचं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे. म्हणून : 'इफ यू लिव्ह्ड ऑन द मून, युअर सिक्स-किलो बॅग वुड फील लाइक वन किलो.' तुम्ही चंद्रावर राहत असता तर सहा किलोचं दप्तर एक किलोएवढं हलकं वाटलं असतं. पण राहता पृथ्वीवर, म्हणून 'लिव्ह्ड' आणि 'वुड'. आणि दप्तर जडच!

याच प्रकारात एक लाडका अपवाद आहे. एरवी आपण 'आय वॉज', 'ही वॉज' म्हणतो. पण कल्पनेतल्या वाक्यात 'आय वेअर', 'ही वेअर' लिहितात. 'इफ आय वेअर यू, आय वुड से सॉरी.' मी तुझ्या जागी असतो तर माफी मागितली असती. बोलण्यात 'वॉज'ही ऐकू येतं, पण पेपरात 'वेअर' लिहिणंच शहाणपणाचं.

चौथा प्रकार : हुकलं किंवा वाचलो!

जे होऊन गेलं, ते आता बदलता येत नाही. त्याबद्दलचं जर-तर म्हणजे हा चौथा प्रकार. 'इफ'च्या बाजूला 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. दुसऱ्या बाजूला 'वुड हॅव' आणि पुन्हा तिसरं रूप. 'गो-वेंट-गॉन' पाठ करायचा कंटाळा केला असेल, तर तो इथं महागात पडतो.

२५ जून १९८३. लंडनचं लॉर्ड्स मैदान. वर्ल्ड कपचा अंतिम सामना. भारत सर्व बाद १८३. समोर वेस्ट इंडिज आणि खेळपट्टीवर व्हिव्ह रिचर्ड्स. तो ३३ धावांवर असताना मदनलालच्या चेंडूवर त्यानं उंच फटका मारला आणि कपिल देवनं उलट्या दिशेनं धावत जाऊन तो झेलला. वेस्ट इंडिजचा डाव १४० धावांत आटोपला आणि भारत ४३ धावांनी जिंकला.

आता जर-तर : 'इफ कपिल हॅड ड्रॉप्ड दॅट कॅच, वी माइट हॅव लॉस्ट.' कपिलनं तो झेल सोडला असता, तर कदाचित आपण हरलो असतो. 'कदाचित' आहे म्हणून 'वुड'च्या जागी 'माइट'. झेल सुटला नाही आणि आपण हरलो नाही, हे दोन्ही या वाक्यात न सांगता सांगितलं जातं.

आता चारही प्रकार एका ओळीत उभे करा. दुसऱ्या प्रकारात 'इफ'पुढे वर्तमानकाळ. गोष्ट अशक्य झाली की एक पायरी मागे : भूतकाळ. ती होऊनही गेली असेल तर आणखी एक पायरी मागे : 'हॅड' आणि तिसरं रूप. खरेपणापासून जितकं दूर, तितकं क्रियापद मागे सरकतं. एवढं लक्षात ठेवलंत, तर तक्ता पाठ करायची गरज नाही.

मराठी माणसासाठी खास सापळे

काही चुका आपण मराठी बोलणारेच हमखास करतो, कारण मराठीचं वळण आपल्या डोक्यात पक्कं असतं. त्या ओळखून ठेवू.

सापळा पहिला, 'येणार असेल'चा : 'पाऊस येणार असेल तर' असं आपण सहज म्हणतो. मग हात लिहून जातो, 'इफ इट विल रेन'. हे चूक. 'विल' आणि 'वुड' ही दोघं 'तर'च्या घरात राहतात, त्यांना 'इफ'च्या घरात नेऊ नका. (कुणाला अदबीनं विनंती करताना 'इफ यू विल वेट हिअर' असं म्हणतात, पण तिथं 'विल'चा अर्थ 'तयार असणं' असा आहे.)

सापळा दुसरा, जुळ्या भावांचा : 'तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो.' मराठीत दोन्हीकडे 'असतं-असतो', जुळे भाऊच जणू! म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' ठोकून देतो : 'इफ यू वुड हॅव टोल्ड मी...' बरोबर वाक्य असं : 'इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.' काही अमेरिकन माणसांच्या बोलण्यात ते चुकीचं वळण ऐकू येतं, तरी लिहिताना ते चूकच धरतात.

सापळा तिसरा, आज की काल : हा सगळ्यांत फसवा. 'माझ्याकडे पैसे असते तर मी ही सायकल घेतली असती.' हे वाक्य दुकानासमोर उभं राहून आत्ता म्हणता येतं आणि गेल्या वर्षीची हुकलेली सायकल आठवूनही म्हणता येतं. मराठीला दोन्हीकडे एकच रूप पुरतं. इंग्रजी मात्र हटून बसते : आज की काल, ते सांगा! आजचं असेल तर 'इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय धिस सायकल.' गेल्या वर्षीचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट दॅट सायकल.' हो, 'हॅड हॅड' दोनदा! ती छपाईची चूक नाही. पहिला 'हॅड' मदतीचा, दुसरा 'हॅव'चं तिसरं रूप.

सापळा चौथा, 'देन'चा : 'जर' आणि 'तर' यांतला एक शब्द दोन्ही भाषा गाळतात, पण वेगवेगळा! आपण 'जर' गाळतो आणि 'तर' ठेवतो : 'आलास तर देईन.' इंग्रजीत 'इफ' ठेवतात आणि 'देन' बहुतेक गाळतात. म्हणून प्रत्येक वाक्यात 'देन' घुसडू नका. 'इफ'चा भाग आधी आला तर मध्ये स्वल्पविराम द्या, नंतर आला तर बहुतेक वेळा लागत नाही : 'आय विल कम इफ यू कॉल मी.'

सापळा पाचवा, 'अनलेस'चा : 'अनलेस'च्या पोटात 'नाही' आधीच बसलेलं आहे. 'अभ्यास केला नाहीस तर नापास होशील' याचं इंग्रजी 'अनलेस यू स्टडी, यू विल फेल.' तिथं 'अनलेस यू डोन्ट स्टडी' लिहिलंत, तर अर्थ होईल : अभ्यास केलास तर नापास होशील! असा सल्ला कोण देईल?

सापळा सहावा, 'इफ' की 'व्हेन' : 'बाबा आले तर' यात शंका आहे, 'बाबा आले की' यात खात्री आहे. खात्री असेल तिथं 'व्हेन' : 'व्हेन बाबा कम्स होम, वी विल ईट.' इथंही 'व्हेन'च्या बाजूला 'विल' नाही, हे पाहिलंत ना? आणि एक छोटीशी गोष्ट : पुढच्या वर्षाबद्दल लिहिताना 'इफ आय पास'ऐवजी 'व्हेन आय पास' लिहून बघा. छाती आपोआप दोन इंच फुगते!

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, तुमच्यापैकी अनेकांनी पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवली असेल आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून वाक्यं घोकली असतील. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. शब्द मुलांना लवकर भेटू लागले, तरी मराठीतून इंग्रजीत जाताना पाय घसरतो तो याच जागी. मुलानं 'इफ इट विल रेन' लिहिलं तर रागावू नका. त्याच्या डोक्यात मराठी व्यवस्थित चालू आहे, याचीच ती खूण आहे. त्याला एवढंच विचारा, "हे होऊ शकेल, की नुसती कल्पना आहे?" उत्तर मराठीतच येऊ द्या. अर्थ आधी मराठीत पक्का झाला, की इंग्रजी रूप निवडणं सोपं जातं.

रात्री जेवताना एक खेळही खेळता येईल. एकानं 'इफ'चा भाग म्हणायचा, दुसऱ्यानं वाक्य पुरं करायचं. 'इफ आय वेअर इनव्हिजिबल...' असं कुणी म्हटलं, की घरातलं प्रत्येक जण काय करेल, ते ऐकण्यासारखं असतं! चुकेल त्यानं ताटं उचलायची. बाबांनीसुद्धा!

चला, हात चालवू या

पुढची सहा वाक्यं इंग्रजीत लिहा. उत्तरं हातानं झाका. लबाडी नको!

१. बस चुकली तर मी चालत जाईन.
२. मी मुख्याध्यापक असतो तर आजच सुट्टी दिली असती.
३. काल छत्री नेली असती तर मी भिजलो नसतो.
४. लोखंड ओलं राहिलं की गंजतं.
५. तिकीट काढलं नाहीस तर ते तुला आत सोडणार नाहीत.
६. आई आली की आपण निघू.

आता उत्तरं :

१. 'इफ आय मिस द बस, आय विल वॉक.' शक्य आहे, म्हणून वर्तमानकाळ.
२. 'इफ आय वेअर द हेडमास्टर, आय वुड डिक्लेअर अ हॉलिडे टुडे.' आजची कल्पना. 'दिली असती' पाहून 'वुड हॅव' लिहिलं असेल, तर तिसऱ्या सापळ्यात सापडलात.
३. 'इफ आय हॅड टेकन अ‍ॅन अंब्रेला यस्टरडे, आय वुड नॉट हॅव गॉट वेट.' होऊन गेलेलं.
४. 'इफ आयर्न स्टेज वेट, इट रस्ट्स.' नेहमीचं.
५. 'अनलेस यू बाय अ टिकिट, दे विल नॉट लेट यू इन.' 'इफ यू डोन्ट बाय' लिहिलं असेल तरी बरोबर.
६. 'व्हेन आई कम्स, वी विल लीव्ह.' आई येणार याची खात्री आहे, म्हणून 'इफ' नाही.

सहापैकी सहा आली तर शाब्बास! चार आली तरी छान. त्याहून कमी आली असतील, तर तेवढे सापळे पुन्हा वाचा आणि उद्या स्वतःची सहा नवी वाक्यं करा. त्यांतलं एक तरी आत्याबाईंवर असू द्या, पण ते आत्याला वाचून दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!